कुसळं, बकरम आणि मागच्या बाजूचं नाव



पाऊस सरला की पुण्याच्या टेकड्यांकडे फारसं कुणी बघत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवळीचे फोटो काढायला गर्दी होते. ऑक्टोबर आला की म्हणतात, आता तिथे काय राहिलंय? वेताळ टेकडीवर जाऊन बघा. गवत पिवळं होऊन तांबूस व्हायला लागलेलं असतं. सोनकीची शेवटची फुलं असतात, तेरड्याच्या शेंगा बोट लागताच फुटतात. थंडीचे पाहुणे, धोबी पक्षी, शेपटी हलवत फिरतात. आणि कुसळं तर सलवारीच्या घेराला चिकटून आपल्याबरोबर घरापर्यंत येतात. कुसळाची लांब शेपूट ओल लागली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते. असं फिरत फिरत बी मातीत शिरतं.

हे सगळं सुईदोऱ्यात येतं. गवताला सरळ टाका, सोनकीला गाठीचा टाका, पायवाटेला गोधडीचा धावदोरा. पोस्टकार्डाएवढं कापड घ्या, १४ सेंटिमीटर लांब, ९ रुंद; शिंप्याकडच्या चिंध्याही चालतात. भरून झालं की खाली बकरम, म्हणजे कॉलरला घालतात ते, आणि मागे साधं सुती कापड. कडेने काजटाका. मागे बॉलपेनने मजकूर लिहा. मात्र तसंच पेटीत टाकू नका. पाकिटात घालून पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्या.

आपल्या घरांत सुई नवी नाही. फॉल-पिको चालू असतो, कुणाच्या लग्नाच्या ओढणीला टिकल्या लावणं चालू असतं. पण माप दुसऱ्याचं, पसंतीही दुसऱ्याची. तुला काय काढावंसं वाटतं, हे शिवणाऱ्या बाईला कोण विचारतं? १९१४ ते १८च्या महायुद्धात फ्रान्समध्ये रेशमी जाळीवर भरलेली पोस्टकार्डं लाखोंनी खपली. सैनिक ती घरी पाठवत. आज ती संग्रहालयांत आहेत. पाठवणाऱ्याचं नाव कधी कधी मागे वाचता येतं. भरणारीचं सहसा नसतं. म्हणून माझा आग्रह आहे की पत्त्याच्या आधी स्वतःचं नाव लिहा. पूर्ण नाव. 'अमक्याची मुलगी' नको.

मुलांनो, हसू नका. जरीकामाच्या कारखान्यांत अड्ड्यावर बसणारे कारागीर बहुतेक पुरुषच असतात.

आणखी एक. आपल्याकडे मुलीला घराबाहेर पडायला कारण लागतं. क्लास, दवाखाना, लग्न. 'टेकडीवर जाते' म्हटलं की 'कशाला?' भरतकामाचे नमुने बघायला, असं सांगून सुटता येईल, आणि सुरुवातीला सांगाही. पण मला ते मनापासून आवडत नाही. भाऊ क्रिकेटला जातो तेव्हा तो काय नमुने आणतो? घरी हे भांडण न करता, पण स्पष्ट बोला. आई, खाला, शेजारची भाभी, ज्या येतील त्यांना बरोबर घ्या. यातल्या कित्येकींनी इतकी वर्षं पुण्यात राहून वरून पुणं पाहिलेलं नसतं.

पहिलं कार्ड मोहल्ल्याबाहेरच्या कुणाला तरी पाठवा. शाळेतली जुनी मैत्रीण, एखाद्या बाई, ज्यांच्याशी बोलणं राहून गेलंय अशा कुणाला.

रविवारी सकाळी ७ वाजता निघू. पाणी आणा, चप्पल नको, बूट घाला. फुलं तोडायची नाहीत. बघायची, आणि आठवून घरी भरायची.