अपोलो बंदरावरील जुना यॉट क्लब

मुंबईच्या अपोलो बंदराचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें उभीं राहतात तीं गेट वे ऑफ इंडिया आणि ताजमहाल हॉटेल. त्यांच्याच शेजारीं एक जुनी गॉथिक धर्तीची इमारत आहे. तिच्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वयानें ती दोहोंहूनहि वडील. ताजमहाल १९०३ सालीं उघडलें, गेट वे १९२४ सालीं. ही वास्तु १८८१ सालची.

ती बांधली रॉयल बॉम्बे यॉट क्लबानें. शिडाच्या नौकांच्या हौसेसाठीं १८४६ सालीं निघालेल्या या क्लबास १८७६ सालीं ‘रॉयल’ हें बिरुद मिळालें. बड्या इंग्रज अंमलदारांनीं व व्यापाऱ्यांनीं सायंकाळीं येथें जमावें, समोरच्या बंदरांतील शिडें पाहावीं आणि शहराचा गलबला विसरावा, असा शिरस्ता होता. हिंदी माणूस आंत दिसे तो चाकरीस असलेला. सभासदत्व त्यास नव्हतें. मग तो संस्थानिक असो वा गिरणीमालक. ही भिंत कांहीं इंग्रजांनाहि बोचूं लागली होती. म्हणूनच गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकीर्दींत, दोन्ही समाजांस खुला असा विलिंग्डन क्लब मुंबईंत निघाला.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजीं शेवटची ब्रिटिश पलटण गेट वेच्या कमानींतून बोटीवर चढली. स्वातंत्र्यानंतर यॉट क्लब समोरच्या आपल्या निवासी इमारतींत गेला आणि जुन्या वास्तूस अगदीं निराळें बिऱ्हाड मिळालें. डॉ. होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था तोंवर पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यांत दाटीनें नांदत होती. ती १९४९ च्या सुमारास येथें आली. जेथें शर्यतींच्या गोष्टी चालत, तेथें विश्वकिरणांचा आणि गणिताचा ऊहापोह सुरू झाला. गोव्यांत जन्मलेले प्रा. दामोदर कोसंबी पुण्याहून ‘दख्खनच्या राणी’नें येत ते याच संस्थेंत. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तुर्भ्यास ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, तेव्हां भाभांची संस्था याच छपराखालीं होती. पुढें १९६२ सालीं कुलाब्याच्या टोकाशीं संस्थेच्या नव्या इमारतीचें उद्घाटन झालें. जुनी वास्तु अणुशक्ति खात्याकडे राहिली. गंमत ही कीं, खात्याच्या बोलण्यांत तिचें नांव ‘ओल्ड यॉट क्लब’ हेंच टिकलें.

आजहि या दारांतून वाटेल त्यास आंत जातां येत नाहीं. सरकारी कचेरीचा पहारा तेथें आहेच. परंतु एके काळीं पहारेकरी माणसाचा वर्ण पाही. आतां तो परवाना पाहतो. परवाना मेहनतीनें मिळवितां येतो, वर्ण मिळवितां येत नव्हता. दगड तेच, कमानी त्याच; पण उंबरठ्याचा अर्थ बदलला. गेट वे पाहावयास जाणाऱ्यांनीं क्षणभर पाठ फिरवून या वास्तूकडेहि पाहावें. परकी सत्ता कोठून गेली हें ती कमान सांगते. तिच्यामागें देशानें काय मांडलें, तें ही इमारत सांगते.