‘परोइकिया’ : धर्मग्रामाच्या मूळ नांवाचा अर्थ

(ज्युबिली महोत्सवानिमित्त केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं गतकाळाचें स्मरण व्हावें हें योग्यच आहे. मंदिर कोणीं उभारिलें, शाळा कशी निघाली, हें इतर वक्ते सांगतील. आम्हीं आपणांपुढें केवळ एका शब्दाचा विचार मांडण्याचें योजिलें आहे. तो शब्द आपल्या मंदिराहून पुष्कळ जुना आहे. आणि तो आपलेंच नांव आहे.

आपण मराठींत ज्यास ‘धर्मग्राम’ म्हणतों त्यास पोर्तुगीज भाषेंत ‘पारोकिया’, इटालियन भाषेंत ‘पारोक्किया’ आणि इंग्रजींत ‘पॅरिश’ म्हणतात. हीं सर्व नांवें लॅटिन भाषेच्या द्वारें ‘परोइकिया’ या एकाच ग्रीक शब्दापासून आलीं आहेत. ‘परा’ म्हणजे जवळ, ‘ओइकोस’ म्हणजे घर. जो घराजवळ राहतो पण त्या घरचा नव्हे, तो ‘परोइकोस’. आणि त्याचें तें तात्पुरतें वास्तव्य म्हणजे ‘परोइकिया’. आपल्या ‘ग्राम’ शब्दांत शेतीवाडी, वडिलोपार्जित घर व पिढीजाद हक्क यांची भावना आहे. ग्रीक शब्दाची भावना नेमकी उलट आहे. तो बिऱ्हाडकरूचा शब्द आहे.

ग्रीक नगरांत ‘परोइकोस’ हा एक निराळा वर्ग होता. हे लोक नगरांत राहत, तेथेंच उद्योगधंदा करीत. परंतु नागरिकांचे हक्क त्यांस नसत. पर्गम नगराचा राजा तिसरा अट्टालस मरण पावल्यावर, ख्रि. पू. १३३ मध्यें, त्या नगरानें अशा लोकांस नागरिकत्व दिल्याचा ठराव शिलालेखाच्या रूपानें उपलब्ध आहे. नागरिकत्व ठरावानें द्यावें लागलें, यावरूनच तें त्यांस पूर्वीं नव्हतें हें उघड होतें.

जुन्या कराराचें ग्रीक भाषांतर ज्या यहुदी पंडितांनीं केलें, त्यांनीं हाच शब्द आपल्या श्रद्धेचा पिता अब्राहाम याच्या मुखीं घातला आहे. उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायांत सारा मरण पावते. सारा कनान देश अब्राहामाच्या संततीस मिळेल असें देवाचें वचन होतें; तरी पत्नीच्या कबरेपुरतीही भूमि त्याच्या मालकीची नव्हती. हेथी लोकांसमोर उभा राहून तो आपण ‘परोइकोस’ असल्याचें सांगतो, आणि ४०० शेकेल रुपें मोजून कबरेची जागा विकत घेतो.

याहूनही विचार करण्यासारखें स्थळ लेवीयाच्या २५ व्या अध्यायांत आहे. ज्या ‘योबेल’ शब्दावरून ‘ज्युबिली’ हें नांव आलें, त्या योबेल वर्षाचा नियम येथेंच सांगितला आहे. पन्नासाव्या वर्षीं दासांनीं मुक्त व्हावें, विकलेली जमीन मूळच्या कुळास परत मिळावी, अशी आज्ञा आहे. तिचें कारण देव २३ व्या वचनांत देतो : भूमि माझी आहे, तुम्ही माझ्यापाशीं उपरे व ‘परोइकोस’ आहां, असा त्याचा आशय आहे. तेव्हां ज्युबिली हा मालकांचा उत्सव नव्हे. जमिनीचा खरा मालक कोण, याचें बिऱ्हाडकरूंस स्मरण देणारा तो उत्सव आहे.

नव्या करारांत संत पेत्राचें पहिलें पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया येथील ख्रिस्ती लोकांस लिहिलेलें आहे. त्यांच्या इहलोकींच्या आयुष्यास तें ‘परोइकिया’ म्हणतें. पर्गम नगर याच आशिया प्रांतांतलें. त्यामुळें हा शब्द त्या वाचकांस चांगलाच परिचित असला पाहिजे.

यावर कोणी शंका घेईल कीं, संत पौल तर इफिसकरांस याच्या विरुद्ध सांगतो. त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत तुम्ही आतां परके व ‘परोइकोस’ राहिलां नाहीं, तर देवाच्या घरचे झालां आहां, असें तो लिहितो. परंतु यांत विरोध नाहीं. पेत्र आपलें जगाशीं असलेलें नातें सांगतो, पौल देवाच्या घराशीं असलेलें. जगांत आपण सर्व बिऱ्हाडकरू आहों. देवाच्या घरांत मात्र कोणीही बिऱ्हाडकरू नाहीं. अनर्थ होतो तो हीं दोन नातीं उलट केल्यानें : जेव्हां आपण जगांत मालक होऊन बसतों आणि देवाच्या घरांत बांधवास परका ठरवितों.

आरंभींच्या ख्रिस्तसभेस या नांवाची लाज वाटत नव्हती. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्तसभेनें करिंथच्या ख्रिस्तसभेस पत्र धाडिलें, त्यांत दोहोंचाही निर्देश त्या त्या नगरीं ‘परोइकोस’ म्हणून राहणारी देवाची सभा असाच आहे. पुढें बिशपाच्या अधिकारांतील समाजास, व नंतर त्याच्या लहान विभागास, हें नांव लागलें. इ. स. १५६३ मध्यें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें लोकांची निश्चित धर्मग्रामांत विभागणी करून प्रत्येकास स्वतःचा धर्मगुरु द्यावा असें ठरविलें. १९१७ च्या धर्मविधिसंहितेंत धर्मग्राम हा धर्मप्रांताच्या भूमीचा एक भाग म्हणून वर्णिला होता. १९८३ च्या संहितेचें ५१५ वें कलम त्यास प्रथम श्रद्धावंतांचा समुदाय म्हणतें. सीमेपेक्षां माणसें आधीं, हा जुना अर्थ अशा रीतीनें पुन्हां पुढें आला आहे.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या सीमेंत दरवर्षीं नवीं कुटुंबें येतात. कोणी भाड्याच्या खोलींत राहतें, कोणाची बोली निराळी असते. त्यांचीं नांवें नोंदवहींत चढतात, परंतु सणाच्या दिवशीं मंदिराच्या अंगणांत तीं एका बाजूस उभीं असतात. आणि ‘हे बाहेरचे’ हा शब्द आपल्या ओठांवर सहज येतो. पण धर्मग्रामाच्या मूळ नांवाशीं कोणाची स्थिति अधिक जुळते? त्यांचीच! आपलींही मुलें आज आखातांत व इतर परदेशीं बिऱ्हाड करून आहेत. तेथील धर्मग्रामानें त्यांस जवळ करावें अशी आपण प्रार्थना करतों. तीच प्रार्थना दुसरी कोणी माता आपल्या दाराशीं आलेल्या मुलासाठीं करीत असेल.

लूककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत याच शब्दाचें क्रियापद येतें. अम्माऊसच्या वाटेवर क्लयपा एका अनोळखी वाटसरूस विचारतो कीं, यरुशलेमांत उतरलेल्यांपैकीं ही घटना ठाऊक नसलेला तूंच एकटा काय? पुनरुत्थित प्रभूस त्यानें ‘परोइकोस’ समजून हटकलें! वाटेवर त्या दोघांनीं प्रभूस ओळखिलें नाहीं. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनीं त्या परक्यास आग्रहानें मुक्कामास ठेवून घेतलें. आणि भाकर मोडतांना त्यांचे डोळे उघडले. त्यांनीं त्यास वाटेस लाविलें असतें, तर त्या रात्रीं प्रभु त्यांच्या मेजावर नसता.

म्हणून आमची एकच विनंती आहे. या ज्युबिली वर्षांत प्रत्येक जुन्या कुटुंबानें एका तरी नव्या कुटुंबाच्या घरीं जावें, त्यांस आपल्या घरीं जेवावयास बोलवावें, आणि मंदिरांत आपल्या शेजारीं बसवावें. असें झालें म्हणजे आपला धर्मग्राम नांवाप्रमाणें वागला असें म्हणतां येईल. प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.