जुन्या मित्राकडे, विलायतेला

१९६० आणि ७०च्या दशकांत आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतून शिकून कितीतरी डॉक्टर ब्रिटनला गेले. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये लागले आणि तिथलेच झाले. पाठोपाठ इंजिनिअर गेले, शिक्षक गेले. आज ती मंडळी पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत, आणि इकडे राहिलेले त्यांचे वर्गमित्रही. नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, हाती चार पैसे आहेत, आणि फोनवर वर्षानुवर्षं ऐकलेलं "एकदा ये की रे इकडे" आता मनावर घ्यावंसं वाटतं. ज्येष्ठांच्या परदेश प्रवासाची आखणी करून देणं हे माझं काम. अशा प्रवाशांची आखणी मला सगळ्यांत आवडते, आणि चिंताही त्यांचीच जास्त वाटते.

चिंता अशासाठी, की मित्राला भेटणं आणि देश बघणं हे खरं तर दोन वेगळे प्रवास आहेत. एका तिकिटात ते खुशाल बसवा, पण एका दिवसात कोंबू नका. लोक काय करतात? लेस्टरला किंवा बर्मिंगहॅमला मित्राचं घर आहे ना, मग मुक्काम तिथे, आणि रोज सकाळी तिथून कुठेतरी बाहेर. गाडी कोण चालवणार? मित्र. मोटरवेवर दोन-अडीच तास जायचं, पार्किंग शोधायचं, दिवसभर पायपीट करायची आणि तेवढंच अंतर परत यायचं. घरी आल्यावर पोळीभाजी करायला तिथे बाई येत नाही. भांडी, कपडे, केर सगळं त्या दोघांनीच करायचं. चौथ्या दिवशी मित्राची कंबर धरते आणि त्याच्या बायकोचा चेहरा उतरतो. बोलत कोणीच नाही, कारण मैत्री जुनी आहे. म्हणून मी सांगते, त्याच्या वयाला जपा. लंडन, यॉर्क, एडिंबरा तुमचं तुम्ही बघा. आगगाडीने जा, हॉटेलात राहा. मित्राच्या घरी जे दिवस काढाल ते त्याच्यासाठी ठेवा.

माझा अनुभव असा, की स्थलदर्शन मध्ये घालावं आणि मित्राचं घर दोन्ही टोकांना. उतरल्यावर आधी त्याच्याकडे जाऊन झोप पुरी करा. मग मोठ्या बॅगा तिथेच ठेवून लहान बॅगेनिशी हिंडायला निघा. परत आल्यावर शेवटचे चार-पाच दिवस पुन्हा त्याच्याकडे. पहिल्या मुक्कामात कुशल-मंगल होतं, जुने किस्से होतात. मनातलं बोलणं दुसऱ्या मुक्कामात निघतं.

त्या दिवसांत करायचं काय, असं लोक मला विचारतात. मी म्हणते, त्याचं गाव त्याच्याबरोबर बघा. तो पहिल्यांदा आला तेव्हा भाड्याची खोली कुठल्या गल्लीत होती, ज्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या केल्या ते कुठे आहे, पहिला बर्फ कुठे पाहिला, हे त्याला दाखवायला सांगा. तिथल्या बऱ्याच गावांत नगरपालिका नागरिकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने देते, त्याला अलॉटमेंट म्हणतात. तुमच्या मित्राचा असा तुकडा असेल तर एक अख्खी सकाळ तिथे काढा. थंड मातीत त्याने मेथी-कोथिंबीर कशी जगवली हे तो हौसेने सांगेल. आणि त्याच्या जोडीदाराला विसरू नका. दोन वर्गमित्र भेटले की हॉस्टेलच्या गोष्टींना अंत नसतो, आणि तिसरं माणूस तिथे बसून फक्त ऐकत राहतं. कित्येक घरांत वहिनी किंवा भावोजी मराठी बोलणारेही नसतात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या विषयावर बोला.

घरातल्या काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. तिथल्या न्हाणीघराच्या जमिनीला बहुधा पाणी जायला मोरी नसते. आंघोळ टबात उभं राहून करायची आणि पडदा टबाच्या आत सोडायचा. बाहेर सोडला तर पाणी लाकडी जमिनीत मुरून खालच्या खोलीच्या छताला डाग पडतात. स्वयंपाकघरातही जपा. एखाद्या दिवशी तुम्ही आमटी करायला घेतलीत, जरूर घ्या, तर फोडणीच्या आधी पंखा लावा, खिडकी उघडा आणि दार लोटून घ्या. मोहरी तडतडून मिरची पडली की धुराची घंटा घरभर ठणाणा करते, आणि फोडणीचा वास दारामागे टांगलेल्या लोकरी कोटांत आठवडाभर राहतो.

खर्चाचं पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोला. आठवड्याचा किराणा तुम्ही भरा, एखादं बाहेरचं जेवण तुमच्याकडून होऊ द्या. "आमच्याकडे आलायस, खिशात हात घालायचा नाही" असं तो म्हणणारच, पण पेन्शनीत राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांचा महिना जाणवतो.

भेट काय न्यायची? पेढे, बर्फी, तूप, पनीर यांतलं काही नको. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये स्वतःच्या सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ताजी फळंही नकोत, कारण बहुतेकांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. पोहे, पापड, लोणचं तर आता वेम्ब्लीला आणि लेस्टरला दुकानांत मिळतं. मेतकूट न्या, थालिपिठाची भाजणी न्या, दोन-तीन दिवाळी अंक न्या. आणि कॉलेजच्या गॅदरिंगचा जुना फोटो असेल तर त्याची चांगली प्रत काढून न्या.

आता स्थलदर्शन. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही सगळी मोठी संग्रहालयं कायमस्वरूपी दालनांसाठी फुकट आहेत. म्हणून एका दिवसात एक संग्रहालय उरकायचा हट्ट धरू नका. तास-दीड तास बघा, पाय दुखले की उठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ब्रिटिश म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावती स्तूपाची शिल्पं आहेत, ती चुकवू नका. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. वाघनखांबद्दल मला पुष्कळ जण विचारतात. ती त्याच संग्रहालयाची. २०२४च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या कराराने ती महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. तेव्हा त्यांच्यासाठी लंडनला जायला नको, इकडेच बघून घ्या.

मराठी माणसाने प्रिमरोझ हिलला मात्र जावंच. तिथे किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास आणि बॅरिस्टरीची तयारी चालू होती ती इथूनच. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेऊन त्याचं स्मारक केलं. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा विचारून घ्या. घराजवळच टेकडी आहे, चढ सोपा आहे, आणि वरून सगळं लंडन दिसतं. रविवार मोकळा असेल तर मित्राला विचारा, महाराष्ट्र मंडळात काही कार्यक्रम आहे का. लंडनचं मंडळ १९३२ सालचं, आणि डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे.

लंडनच्या भुयारी रेल्वेत बऱ्याच ठिकाणी जिने फार आहेत. गुडघे दुखत असतील तर बस धरा. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, ऑयस्टर कार्ड किंवा बँकेचं टेकवायचं कार्ड लागतं. १५ नंबरची बस ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून सेंट पॉल्स कॅथीड्रलवरून टॉवर ऑफ लंडनपर्यंत नेते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर अर्धं जुनं लंडन बसल्या बसल्या होतं.

एडिंबराला किंग्ज क्रॉस स्टेशनवरून साडेचार तासांच्या आसपास लागतात. तिकीट दोन महिने आधी आणि ठरावीक गाडीचं काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. साठीच्या पुढच्यांसाठी सीनियर रेलकार्ड आहे, त्यावर बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते. ते परदेशी पाहुण्यालाही काढता येतं, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवायचा. जाताना उजव्या हाताची खिडकी मागा. न्यूकॅसल मागे पडलं की समुद्र रुळांच्या जवळ येतो, आणि बेरिकला ट्वीड नदीवरच्या उंच दगडी पुलावरून गाडी सावकाश जाते. मे, जून किंवा सप्टेंबर हे महिने मला बरे वाटतात. जूनमध्ये एडिंबराला रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात लंडनलाही चारच्या सुमाराला दिवस मावळतो, आणि हिंडायला वेळच उरत नाही.

औषधांकडे वळते. पुरतील तेवढी आणि वर पंधरा दिवसांची, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची कंपन्यांची नावं तिथल्या केमिस्टला कळत नाहीत. मित्र स्वतः डॉक्टर आहे म्हणून विमा टाळू नका. पाहुण्याला तातडीच्या विभागात तपासतात त्याचे पैसे नाहीत, पण पुढे दाखल करून घेतलं तर बिल येतं आणि ते भलं मोठं असतं. विमा काढताना मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी सगळं सांगा. लपवलेल्या आजारावर विमा कंपनी पैसे देत नाही, आणि मग ते बिल शरमेने मित्राच्या दारात जातं.

व्हिसा साधा पाहुण्याचा असतो, सहा महिन्यांपर्यंतचा. मित्राचं निमंत्रणपत्र उपयोगी पडतं, पण अधिकारी बघतात ते तुमचे पैसे आणि परत येण्याची तुमची कारणं: पेन्शन, घर, शेती, इथली माणसं. सातबारा किंवा पेन्शनची कागदं मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. म्हणजे जूनमध्ये निघायचं तर मार्चमध्ये कागदपत्रं हातात हवीत, आणि मित्राचं पत्र त्याच्याही आधी. त्याच्या घरी त्या दिवसांत नातवंडं येणार आहेत का, त्याची काही शस्त्रक्रिया ठरली आहे का, हे तारखा पक्क्या करण्याआधी विचारा. हे विचारायला फोन करताना लक्षात ठेवा, हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. रात्री आठला फोन लावलात तर तिथे दुपारचे अडीच वाजलेले असतील. जेवण आटोपलेलं असेल, निवांत बोलता येईल.