रस्त्यावर न आलेल्या मोटारी

मोटार कंपन्या विक्रीचा हेतू न ठेवता, केवळ एखादी कल्पना प्रत्यक्ष आकारात पारखून पाहण्यासाठी जी गाडी घडवतात, तिला कन्सेप्ट कार म्हणतात; जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांची १९३८ मधील ब्यूक वाय-जॉब ही सामान्यतः या परंपरेतील पहिली गाडी मानली जाते. अशा गाड्यांपैकी अनेकींची रचना इतकी विक्षिप्त असते, की त्यांना प्रदर्शनाची शोभा समजून बाजूला सारले जाते. हे मत उथळ आहे. आराखडा किती विचित्र आहे यापेक्षा त्यावरून घडवलेली गाडी चालली की नाही, हा भेद अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण चाललेल्या गाडीत कल्पनेचे गुणदोष उघडे पडतात आणि न चाललेल्या गाडीत ते झाकलेलेच राहतात.

फोर्ड कंपनीने १९५८ मध्ये मांडलेली न्यूक्लिऑन ही दुसऱ्या प्रकारातली. मागच्या भागात लहानशी अणुभट्टी, तिच्या उष्णतेवर तयार होणारी वाफ आणि एकदा इंधन भरले की सुमारे आठ हजार किलोमीटरचा पल्ला, अशी ही योजना होती. परंतु किरणोत्सर्ग अडवणारे आवरण पुढेमागे हलके होईल, या गृहीतावर सारी इमारत उभी होती, आणि प्रत्यक्षात मूळ मापाच्या तीन-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृतीपलीकडे काहीही घडले नाही.

याउलट जनरल मोटर्सची फायरबर्ड ही एका माणसापुरती, विमानासारखे पंख व शेपटी असलेली गाडी १९५३ मध्ये खरोखर बांधली आणि चालवली गेली. तिच्यात गॅस टर्बाईन, म्हणजे तप्त वायूच्या झोताने पाती फिरवणारे इंजिन होते. त्यातून ३७० अश्वशक्ती मिळे, मात्र मागून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान सुमारे ६७५ अंश सेल्सिअस असे. रहदारीत मागे उभ्या असलेल्या वाहनाचे काय होणार, हा प्रश्न या गाडीनेच उभा केला, आणि १९५६ च्या फायरबर्ड दोनमध्ये बाहेर जाणारी उष्णता पुन्हा इंजिनातील हवेला देणारी यंत्रणा बसवून त्यावर उत्तर शोधण्यात आले. टर्बाईनची मोटार बाजारात रुजली नाही, तरी तिच्या अडचणी नेमक्या कळल्या.

या दृष्टीने सर्वांत बोलका नमुना इटलीतील आहे. तुरीनच्या बेर्तोने या रचनासंस्थेसाठी मार्चेल्लो गांदिनी यांनी आखलेली स्ट्रॅटोस झीरो १९७० च्या तुरीन प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा तिची उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलाहून थोडीच अधिक होती. टोकापासून छतापर्यंत एकाच तिरक्या रेषेत चढत जाणाऱ्या या पाचरीच्या आकाराला बाजूचे दार मुळी नव्हतेच. पुढची काचच वर उचलली जाई, तिच्यासोबत स्टीअरिंगचा दांडा पुढे सरकून वाट मोकळी होई, आणि चालकाला गाडीच्या नाकावरील पट्टीवर पाय देऊन आत उतरावे लागे. एकदा आत गेल्यावर तो जवळजवळ पाठीवर निजलेल्या अवस्थेत बसे. गाडी उलटली तर बाहेर पडण्याची एकमेव वाट बंद व्हावी, अशी ही रचना होती, आणि तिचे समर्थन कोणत्याही सुरक्षानियमाच्या आधारे करता येणार नाही.

तरीही आसनांच्या मागे लान्चिया या इटालियन कंपनीच्या फुल्व्हिया गाडीचे इंजिन बसवलेली झीरो चालत होती, आणि रचनासंस्थेचे प्रमुख नुच्चिओ बेर्तोने यांनी ती लान्चियाच्या कारखान्यात नेली, तेव्हा ती फाटकावरील आडव्या दांड्याखालून सरळ निघून गेली, असे सांगितले जाते. फुल्व्हियाची जागा घेणारी रॅली शर्यतींची गाडी शोधणाऱ्या लान्चियाला इंजिन मध्यभागी असलेल्या आखूड, चपळ गाडीची कल्पना येथे दिसली. त्यातून गांदिनी यांनीच स्ट्रॅटोस एचएफ आखली. तिला फेरारी डिनोचे २.४ लिटरचे इंजिन मिळाले, दोन चाकांच्या आसांमधील अंतर केवळ २.१८ मीटर ठेवले गेले, आणि १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षे तिने लान्चियाला जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकून दिले. झीरोतील उघडणारी काच तिच्यात नव्हती. तिच्याऐवजी दोन दारे आली, आणि त्या दारांच्या आतल्या पोकळीत चालक व सहचालक यांची हेल्मेट मावतील एवढी जागाही काढण्यात आली.