सजावट नव्हे, काम

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

यंत्राचा विषय निघाला की आपल्यातल्या बऱ्याचजणी मागच्या रांगेत सरकतात. म्हणून आधी ही डबी हातोहात फिरू दे. हिच्यात आपल्याच बायकांनी शिबिरांत म्हटलेली गाणी आहेत. गाणं लागलं की पडद्यावरचं कडं आवाजाबरोबर फुगतं, आक्रसतं. गाण्याचं नाव वाचता आलं नाही तरी चालतं.

ही हलती चित्रं मी बसवली. नोकरीत होते तेव्हा असंच काम माझ्याकडे आलं, कारण "पडद्याची सजावट बाईमाणसाला बरी जमते." पगारवाढीच्या वेळीही ती सजावटच मोजली गेली! तर सजावटीचा हिशेब ऐका. पडद्यावर 320 गुणिले 240 ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला 2 बाइट, म्हणजे एका चित्राला 1,53,600 बाइट. आतल्या ईएसपी32 चिपकडे चालू कामासाठी जागा सगळी मिळून 520 किलोबाइट. तारेतून सेकंदाला 4 कोटी बिट गेले, तरी एक अख्खं चित्र पोचायला 31 मिलिसेकंद लागतात. म्हणून अख्खा पडदा पुन्हा रंगवायचाच नाही. बदलला तेवढाच तुकडा पाठवायचा. एलव्हीजीएल नावाचं खुलं, मोफत सॉफ्टवेअर हेच करतं. पडद्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत ते भागवतं.

तरी गाणं अडखळायचं. गाण्यांचं कार्ड आणि पडदा मी एकाच तारांवर जोडले होते. एका नळावर दोन घागरी! कार्डाला वेगळ्या तारा दिल्या, पुढचा थोडा आवाज आधीच भरून ठेवला, तेव्हा सुरळीत झालं.

पण खरी चूक मला वस्तीतल्या एका मावशींनी दाखवली. पहिल्या डबीत मी एक चाक ठेवलं होतं, ते घड्याळावर फिरायचं. आवाजाशी त्याचा काही संबंध नव्हता. मावशी ऐकत असताना कार्ड ढिलं झालं. गाणं बंद, चाक मात्र फिरतंच आहे. मावशींनी आवाज वाढवला, डबी कानाला लावली, हलवून पाहिली. मग हळूच मला म्हणाल्या, "मला ऐकू येईनासं झालं का गं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. डबी बिघडलेली आणि बाई स्वतःच्या कानाला दोष देतेय, तोही माझ्या चित्रामुळे.

चाक काढून टाकलं. आता ध्वनिवर्धकाकडे जाणारे आकडेच मोजते, त्यांच्या जोरावर कडं हलतं. आकडे आले नाहीत तर कडं थिजतं आणि कार्डाचं चित्र लुकलुकतं.

डबी मागच्या रांगेपर्यंत पोचली का? मग कुणीतरी गाणं लावा, आणि मध्येच कार्ड ओढून बघा.