लाडकी बहीण आणि सातबारा

(दहावी १९८० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘सध्याच्या परिस्थितीवर दहा मिनिटं बोल.’ सध्याच्या परिस्थितीवर बोलणारे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसरात्र बोलतच असतात, त्यात मी कशाला भर घालू? आणि गुडघेदुखी, साखर आणि नातवंडं हे विषय सकाळच्या चहालाच संपले. म्हणून मला ज्यातलं थोडंफार कळतं त्यावरच बोलतो. मी १९८६ साली तलाठी म्हणून लागलो आणि २०२२ ला मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव मोठं झालं, दप्तर तेच आहे. छत्तीस वर्षं मी लोकांचे सातबारे, फेरफार आणि वारसनोंदी पाहिल्या. माणूस गेल्यावर घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे भटजींच्या खालोखाल तलाठ्याला कळतं. भटजी तेराव्याला निघून जातात, आमच्याकडे लोक त्यानंतर येतात.

सरकारनं २०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू केली, महिन्याला पंधराशे रुपये. योजना चांगली की वाईट, तिजोरीला झेपते की नाही, यावर आपल्यात दोन तट आहेत, त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसलं, की गावातला प्रत्येक भाऊ बहिणीचा अर्ज भरायला धावला. आधारकार्ड, बँक पासबुक, सगळं त्यानं गोळा केलं. त्यातल्याच काही भावांनी त्याच बहिणीचं आधारकार्ड त्याआधी एकदा मागून घेतलेलं होतं. हक्कसोडपत्रासाठी.

शहरात राहणाऱ्यांसाठी हक्कसोडपत्र म्हणजे काय ते सांगतो. वडील गेले की वारसांची नावं लागतात. त्यात आई, भाऊ आणि बहिणी, सगळे येतात. मग भाऊ बहिणीला निरोप धाडतो, ‘अमुक तारखेला ये, सही करायची आहे.’ ती सकाळच्या एसटीनं येते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिचा फोटो निघतो, अंगठा घेतात. ‘स्वखुशीनं देताय ना?’ असं विचारतात, ती ‘हो’ म्हणते. कागदावरही तेच छापलेलं असतं, की कोणत्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता. दुपारी हॉटेलात जेवण, एक साडी, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. पुष्कळदा साडी त्याहून महाग पडते.

हे बेकायदा नाही, ते आधी स्पष्ट करतो. आपला हक्क भावाला द्यायचा तिला पूर्ण अधिकार आहे. पण काय देतोय हे माहीत असेल तर ते देणं.

आपल्याच वर्गातली एक मैत्रीण आहे. तिनं परवानगी दिली म्हणून सांगतो, नाव सांगत नाही. ओळखायचा प्रयत्न करू नका. तिचं लग्न १९८४ ला झालं. वडील १९९७ ला गेले आणि पुढच्या वर्षी तिनं सही केली. वडिलोपार्जित आठ एकर, आई, दोन भाऊ आणि ही. पुढं तिचा नवरा गेला. सासरची जमीन दिरांच्या नावावर, ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तेवढी तीन अक्षरं एका माणसाच्या नावापुढं लागली की बाकीचं कुटुंब कागदावर दिसेनासं होतं. मग समृद्धी महामार्ग आला. माहेरच्या जमिनीचा एक पट्टा त्यात गेला, मोबदला आला. तो भावांच्या खात्यावर गेला, ते कागदाप्रमाणे बरोबरच होतं. त्या वर्षी ती भाच्याच्या लग्नाला चार दिवस राहून आली. नवं घर पाहिलं, गाडी पाहिली. त्या पैशाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती मला एका कार्यात भेटली. तक्रार करायला नाही, नुसतं विचारायला. ‘मी सही केली तेव्हा माझं किती होतं रे?’

वीस वर्षांहून जास्त काळ तिला हे माहीत नव्हतं. आपण काय सोडलं याचा आकडा तिला कोणी सांगितला नव्हता.

आम्ही दोघांनी तिथंच लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशोब मांडला. आठ एकर म्हणजे ३२० गुंठे. त्या वेळचा कायदा असा होता. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी. पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्यांना वगळलं. म्हणजे आपल्या वर्गातल्या बहुतेक सगळ्या पोरींना. तिला मिळणार होता तो फक्त वडिलांच्या वाट्यातला वाटा. वडील, आई, दोन मुलगे असे चार भाग धरायचे, वडिलांच्या भागाचे पुन्हा चार वारस. मी कागदावर मांडेपर्यंत ती म्हणाली, ‘चतुर्थांशाचा चतुर्थांश, सोळावा हिस्सा, वीस गुंठे.’ अपूर्णांकात ती वर्गात पहिली यायची, सरांना आठवत असेल.

तिनं सही केली नसती तर पुढं काय झालं असतं, तेही मांडलं. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, त्यात लग्नाची अट राहिली नाही. मग वडील त्या तारखेला हयात असायला हवेत की नाही यावर पंधरा वर्षं कोर्टात वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात निकाल दिला, की हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल तर मात्र ते उकरता येत नाही. या हिशोबानं आई, दोन भाऊ आणि ती, चौघांना सारखं, ऐंशी गुंठे. दोन एकर.

तिनं पत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, ‘मागितलं नसतंच मी. पण दोन एकर दिले असं सांगून तरी दिले असते.’

मित्रांनो, तिचे भाऊ मला माहीत आहेत. वाईट माणसं नाहीत. धाकट्यानं आईचं शेवटपर्यंत केलं, दुष्काळात विहिरीसाठी कर्ज काढलं, बहिणीच्या लग्नाची उधारीही त्यांनीच फेडली. ही बाजू खोटी नाही. जो शेतावर राबतो, आईबापांचं हगणंमुतणं काढतो, त्याला जास्त मिळावं असं मलाही वाटतं. पण मग तसं बोलून ठरवा ना! ‘ताई, तुझा एवढा वाटा आहे. मी आईचं केलं, विहिरीचं कर्ज माझ्या डोक्यावर आहे. तू काय म्हणतेस?’ हे वाक्य मी छत्तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा ऐकलं. बाकी सगळीकडे ‘सहीला ये’ एवढंच. आणि लग्नाच्या खर्चाचं म्हणाल तर भावांची लग्नं काय फुकट झाली होती? त्यांच्या मांडवाचा खर्च वाट्यातून वळता केलेला मी एकाही फेरफारात पाहिला नाही.

दुसरं सांगतात तुकड्यांचं. आधीच जमीन दोन-तीन एकर, त्यात बहिणींची नावं लागली तर राहील काय? चिंता खरी आहे, तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासूनच आहे. पण गंमत बघा, तीन भाऊ वाटणी करतात तेव्हा तुकड्यांची आठवण कोणाला येत नाही. आणि नाव लावणं म्हणजे बांध घालणं नव्हे. बहिणीचं नाव सातबारावर राहूनही भाऊ जमीन कसू शकतो, तिला वर्षाला धान्य किंवा खंड देऊ शकतो. पूर्वी चोळी-बांगडी म्हणून काही देत असत, त्यामागंही कुठंतरी हीच जाणीव होती.

खरं कारण वेगळं आहे आणि ते बायका बरोबर ओळखतात. माहेर तुटेल. वाटा मागितला तर भाऊबीजेला दार उघडं राहणार नाही. नवऱ्याशी भांडण झालं तर, म्हातारपणी सुनेशी पटलं नाही तर, चार दिवस जायला एक घर हवं म्हणून ती दोन एकरांवर पाणी सोडते. तिच्या दृष्टीनं तो विमाच आहे, आणि हप्ता बराच जबर आहे. पण विम्याची पावती तरी मिळते. भाऊ असेपर्यंत ठीक. भावजय आणि भाच्यांच्या राज्यात त्या उघड्या दाराचं काय होतं, ते इथल्या पन्नाशी-साठीतल्या मैत्रिणींनी मला सांगावं.

‘आपल्या भागात हे व्हायचं नाही’ असं कोणी म्हणालं की मला चांदवड आठवतं. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन तिथं झालं. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. कोर्ट नाही, सक्ती नाही. अर्थात बायकोच्या नावची जमीन घरातच राहते. बहिणीची परगावी जाते, म्हणून ती देताना हात जास्त आखडतो. पण आपल्याच लोकांनी हे केलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

आता आपण सगळे साठीच्या पुढे आहोत. म्हणजे पूर्वी आपण वारस होतो, आता वारस आपली वाट बघताहेत. (हसताय, पण खरं आहे.) म्हणून माझं सांगणं भावांपेक्षा बापांना आहे. तुमची मुलगी पुण्यात आयटीत असो की शेजारच्या गावात दिलेली, तुम्ही हयात असतानाच मुलगा आणि मुलगी दोघांना समोर बसवा आणि काय आहे, किती आहे, कुणी काय सांभाळलं, ते उघड बोला. स्वकष्टाचं आणि स्वतःच्या वाट्याचं जे असेल त्याचं मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मुलाला जास्त द्यायचं असेल तर बापानं स्वतःच्या सहीनं द्यावं आणि त्याचं कारण मुलीला तोंडावर सांगावं. तिच्या अंगठ्यानं कशाला?

आणि मैत्रिणींनो, ज्यांनी अजून सही केली नाही त्यांच्यासाठी. सातबारावर नाव नाही म्हणजे हक्क नाही असं समजू नका, फेरफार ही नोंद आहे, मालकीचा निवाडा नाही. तलाठ्यासमोर दिलेल्या साध्या जबाबानं किंवा नोटरीच्या कागदानं जमिनीवरचा हक्क सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. पण एकदा नोंदणी झाली की ते मागं घेणं म्हणजे दिवाणी कोर्टाची पायरी चढणं. तेव्हा सही करायची असेल तर करा, आनंदानं करा. पण गट नंबर विचारा, क्षेत्र विचारा, आपला हिस्सा किती ते आधी स्वतः मोजा.

आपल्या गावचा सातबारा पाहायला आता तलाठ्याच्या मागं फिरावं लागत नाही. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मोबाईलवर निघतो. जेवण झाल्यावर मी मागच्या बाकावर, जिथं मी दहावीपर्यंत बसायचो तिथंच बसलेला असेन. ज्यांना आपल्या माहेरचा उतारा बघायचा आहे त्यांनी गट नंबर घेऊन या, नसला तर वडिलांचं नाव सांगा, शोधून देतो. चष्मा मात्र आपापला आणा.