पेशंटजवळ कोण थांबणार?

(स्त्री-आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सरकारी रुग्णालयात ३० वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. मला भाषणाची सवय नाही, सूचना द्यायची आहे. "दर दोन तासांनी कूस बदला." "भरवताना उठवून बसवा, नाहीतर ठसका लागेल." "लुळा हात धरून ओढू नका." नातेवाइकांना हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. सूचना बरोबरच होत्या. पण त्या मी कुणाला देते आहे, याचा विचार मी फार उशिरा केला.

पेशंट दाखल झाला की वॉर्डात पहिला प्रश्न येतो, "पेशंटजवळ कोण थांबणार?" औषधं आणायला, रक्ताची सोय करायला, फॉर्मवर सही करायला पुरुष पुढे येतात. तेही लागतंच. पण खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपते ती सून, मुलगी नाहीतर बायको. बेडपॅन तीच देते. आमच्याकडे पुरुषांच्या वॉर्डात मात्र रात्री बायकांना थांबू देत नसत. तिथे मुलगा, भाऊ थांबायचे आणि दोन दिवसांत सगळं शिकायचे. म्हणजे पुरुषांना हे जमत नाही, असं अजिबात नाही. नियम असला की जमतं.

आम्ही नर्सेस या बाईच्या जिवावर का राहतो, तेही सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. मी कित्येक रात्री चाळीस खाटांच्या वॉर्डात दोघींनी काढल्या आहेत. जागा भरल्या नाहीत तरी वॉर्ड चालतो, कारण प्रत्येक खाटेबरोबर एक बिनपगारी नर्स आलेली असते. तिला आपण 'कुटुंब' म्हणतो.

मग माझ्याच घरी ही वेळ आली. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना घरी सोडताना डॉक्टरांनी आजाराची माहिती माझ्या नवऱ्याला दिली आणि शुश्रूषेचं सांगताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही तर सिस्टरच आहात." मी बिनपगारी रजा टाकली. रजा कोण घेणार, हे घरात कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

वॉर्डात पेशंटला आम्ही दोघीजणी मिळून उचलतो. घरी मी एकटी होते. चौथ्या महिन्यात माझी पाठ धरली आणि मीच अंथरुणाला खिळले. घरात पहिला विचार निघाला, नणंदेला बोलवावं. तिच्या घरी तिचे सासरे आजारी होते. म्हणजे एका घरातली बाई पडली की दुसऱ्या घरातून बाई आणायची, हाच आपला उपाय! दुसरी मिळाली नाही, तेव्हा कुठे नवऱ्याने रजा घेतली.

सासूबाई रडल्या. "मुलाच्या हातून हे करून घेऊ?" म्हणाल्या. त्यांची लाज खरी होती, ती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणून सकाळची अंघोळ आणि स्वच्छता यासाठी पगार देऊन एक मावशी ठेवल्या. भरवणं, कूस बदलणं, हातापायांचे व्यायाम आणि रात्रीचं जागरण नवऱ्याकडे आलं. पहिला आठवडा त्याला काही सुचेना. तिसऱ्या आठवड्यात एके रात्री त्याने मला हाक मारली. आईच्या टाचेवर लाली आली होती, ती त्याला दिसली होती. व्रण होण्याआधीच आम्ही सावध झालो. त्यानंतर सासूबाई दोन वर्षं जगल्या. त्यांच्या अंगावर एकही व्रण झाला नाही. त्याचं श्रेय आम्हा तिघांचं आहे, त्यात मावशीही आल्या.

तेव्हा कुटुंबाचा सहभाग नको, असं माझं म्हणणं नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूत राहायला बोलावलं. रुग्ण आणि नातेवाईक यांना एकत्र बसवून ते आजार समजावून सांगत. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातेवाइकांना रुग्णासोबत ठेवण्याची पद्धत रुजली. कुटुंबाचा उपचारात उपयोग होतो, हे त्यातून दिसलं. पण तिथे रुग्णालय कुटुंबाला शिकवत होतं. शिकवणं वेगळं आणि आपलं काम तिच्या गळ्यात घालणं वेगळं.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे पाहा. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४१ टक्के घरच्यांची देखभाल करतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला १४० मिनिटं घालवतात, पुरुष ७४. यात मुलांचं करणंही आलं. स्वयंपाक आणि धुणीभांडी वेगळी. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. पोटगीचा अर्ज करता येतो. पण रात्री दोन वाजता कूस कुणी बदलायची, हे कुठल्याच कायद्यात नाही.

म्हणून आपल्या गटांनी चार गोष्टी मागाव्यात. पेशंटला घरी सोडण्याआधी रुग्णालयाने घरच्या किमान दोघांना शुश्रूषा शिकवावी, त्यात एक पुरुष हवाच. नर्सेसच्या रिकाम्या जागा भराव्यात. आजारी माणसाच्या देखभालीसाठी भरपगारी रजा स्त्री-पुरुष दोघांना मिळावी. आणि केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम' योजना आली, तशी योजना इथेही यावी. तिथली रक्कम बरीच वर्षं महिना ६०० रुपयेच होती, म्हणजे फार नाही. पण हे काम आहे, एवढं तरी सरकारने मान्य केलं.

पाचवी गोष्ट मागायची नाही, करायची आहे. आपल्या वस्तीत कोण बाई एकटी पेशंटचं करते आहे, ते शोधा. आठवड्यातून एक दुपार तिच्या पेशंटजवळ बसा, तिला झोपू द्या. आणि बैठकीत, दवाखान्यात, घरात कुणीही "घरचे बघतील" म्हणालं, की तिथल्या तिथे विचारा, "घरचे म्हणजे कोण? नाव सांगा."